मुठीला शोभा म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत हाताने घडवलेल्या शिकारी सुऱ्यांवर पानभर लेख आला होता. आमच्या कामावर कुणी एवढं लिहितं असं फारसं होत नाही. मी तो दोनदा वाचला, आणि दुपारी भट्टी विझल्यावर मालकांना मोठ्याने वाचून दाखवला. पोलाद कोणतं घ्यावं, पातं किती तापवावं, पाणी कसं द्यावं, धार कशी काढावी, हे लेखकांनी चांगली चौकशी करून लिहिलं आहे. पण सबंध पानात मुठीबद्दल दोनच वाक्यं निघाली. मूठ ही सुऱ्याची शोभा असते, हे एक. सांबरशिंगाची मूठ सगळ्यांत उत्तम, हे दुसरं. पहिलं वाचून वाईट वाटलं. दुसरं वाचून काळजी वाटली, कारण ते वाचून एखादा पोरगा शिंग शोधायला निघाला तर गोत्यात येईल. म्हणून लिहायला बसले.

मी सांगलीवाडीची. आमचं लोहारकाम मामंजींच्याही आधीपासूनचं. मालक पाती घडवतात, मुठी मी बसवते. लग्न होऊन आले तेव्हा मामंजींचा उजवा हात थरथरायला लागला होता, कानस हातातून निसटायची. एक दिवस त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली आणि ‘बघ जमतंय का’ म्हणाले. त्याला आता २२ वर्षं झाली. दसऱ्याच्या आसपास ऊसतोडीचे कोयते, वर्षभर विळे, खुरपी, सत्तूर, आणि गेली आठ वर्षं पुण्या-मुंबईचे हौशी लोक शिकारी सुरे करून मागतात. त्यांतलं कुणी शिकारीला जात नाही. जायचंही नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार बंद आहे. कुणी डोंगरात तंबू ठोकून राहतात, कुणाला नुसता जपून ठेवायचा असतो. घाट मात्र शिकारी सुऱ्याचाच लागतो.

आधी शिंगाचं सांगते. सांबराचं शिंग परवानगीशिवाय जवळ बाळगणं, विकत घेणं, त्याची मूठ करून विकणं, हे सगळं या कायद्याने गुन्ह्यात जातं. लोकांचा समज असा, की जनावर मारून काढलेलं शिंग वाईट, पण रानात आपोआप गळून पडलेलं उचललं तर त्यात काय? सांबराचा नर शिंगं गाळतो आणि त्याला नवी फुटतात, हे खरं आहे. तरी गळलेलं शिंगही आपलं होत नाही. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला चांदोली आणि साताऱ्याकडे कोयना, ही दोन्ही राखीव रानं मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्या रानात सांबर आहे, आणि तिथे गळलेलं शिंग वाया जात नाही. साळिंदर ते कुरतडतं, त्यातला चुना त्याच्या अंगी लागतो.

चार वर्षांमागे एक गृहस्थ पिशवीतून शिंगाचा तुकडा घेऊन आले होते. घरात जुनं टांगलेलं होतं म्हणाले, दोन सुऱ्यांच्या मुठी होतील का विचारत होते. मालकांनी पिशवीला हात लावला नाही. ‘आधी वन खात्याच्या ऑफिसात जाऊन विचारा, मग बोलू’ एवढंच म्हणाले. ते पुन्हा आले नाहीत. शिंगाचीच हौस असेल तर म्हशीचं शिंग आहे. काळंभोर, घासलं की आरशासारखं चमकतं. घासताना जळक्या केसांचा वास सुटतो, आणि हवा कोरडी-दमट झाली की ते थोडं वाकतं, म्हणून चांगलं मुरलेलं शिंग घ्यावं लागतं. कायद्याचं निघालंच आहे तर आणखी एक. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा सुरा शस्त्र कायद्यात येतो, त्याला परवाना लागतो. शेतीच्या आणि घरकामाच्या हत्यारांना त्यातून सूट आहे. आम्ही शिकारी सुऱ्याचं पातं पाच इंचांच्या पुढे जाऊ देत नाही, आणि त्या कामाला त्याहून मोठं लागतही नाही.

आता मुठीकडे येते.

शिकारी सुरा म्हणजे मुळात जनावर सोलायचा सुरा. ज्या देशांत शिकार कायद्याने चालते तिथे तो थंडीत, बधिर झालेल्या बोटांत, रक्ताने आणि चरबीने बुळबुळीत झालेल्या हातात, पुष्कळदा अंधार पडताना धरावा लागतो. हात एक इंच पुढे घसरला की बोटं पात्यावर. त्या मुठीचा प्रत्येक चढ-उतार या धास्तीतून आला आहे. मूठ गोल नसते, अंड्यासारखी चपटी असते, कारण गोल मूठ ओल्या हातात फिरते आणि धार कुठल्या बाजूला आहे ते न बघता कळत नाही. पात्यामागे लगेच ती बारीक होते, तिथे अंगठा आणि पहिलं बोट बसतं. मध्ये फुगते, तो फुगवटा तळहाताच्या खळग्यात बसतो. शेवटाला पुन्हा थोडी रुंद होते, म्हणजे सुरा ओढताना करंगळीखालून निसटत नाही. यात शोभेसाठी काय केलं, सांगा.

अमेरिकेत बॉब लव्हलेस नावाचे सुरे घडवणारे होऊन गेले, १९२९ ते २०१० हा त्यांचा काळ. पुढे उतरत्या टोकाचं शिकारी पातं त्यांच्यामुळे सगळीकडे पसरलं. एका गिऱ्हाइकाने मला त्यांच्या सुऱ्यांचे फोटो दाखवले. मी पातं सोडून मूठच बघत बसले. पातं मुठीच्या शेवटापर्यंत नेलेलं, पण मुठीतला त्याचा भाग मागे मागे पातळ करत आणलेला. त्यामुळे मुठीचं वजन घटतं आणि सुरा पहिल्या बोटावर तोलला जातो. तो फोटो बघून मालकांनी तसं एक पातं केलं. ते पातळ करायला दोन दिवस गेले. मी त्यावर शिसमाची मूठ चढवली आणि सुरा आडव्या बोटावर ठेवला, तर तो तराजूच्या काट्यासारखा राहिला. त्या दिवशी मालकांनी शेजारच्या घरी जाऊन तो दाखवला. एरवी ते केलेल्या कामाबद्दल कुणाला चकार शब्द बोलत नाहीत.

फिनलंडकडे सुऱ्याला बर्च नावाच्या झाडाच्या सालीची मूठ करतात. सालीचे तुकडे एकावर एक दाबून बसवतात. कडाक्याच्या थंडीत धातू हाताला चटका दिल्यासारखा लागतो, साल तशी गार पडत नाही. ज्या मुलखात जसा हात, तशी मूठ. आपल्याकडे बाभूळ, शिसम, चिंच, धावडा. धावड्याचं लाकूड धक्का सोसतं, म्हणून कुऱ्हाडीचा दांडा त्याचा. बाभूळ स्वस्त आणि चिवट, म्हणून कोयत्याला ती.

हौशी गिऱ्हाइकांची एक मागणी मी मानत नाही. त्यांना मुठीला बोटांचे चार खोल खळगे हवे असतात, चित्रात बघितलेले असतात. खळगे एकाच हाताला, एकाच पद्धतीने धरायला बसतात. सुरा उलटा धरायचा झाला, बोट पात्याच्या पाठीवर ठेवायचं झालं, की त्याच खळग्यांच्या कडा बोटांना काचतात. आणि सोलायच्या कामात सुरा हातात सारखा फिरवावा लागतो. मी त्यांना साबणाच्या पाण्यात हात बुडवायला सांगते, आणि एक खळग्यांची, एक साधी, अशा दोन मुठी धरायला देते. त्यानंतर खळगे मागणारे थोडेच उरतात.

काम कसं चालतं ते एका सुऱ्यावरून सांगते, नाहीतर माझं बोलणं हवेत राहील.

आधी हाताचं माप. गिऱ्हाईक समोर असेल तर कागदावर पंजा ठेवून पेन्सिलीने गिरवून घेते, लांबचं असेल तर तसा कागद पोस्टाने मागवते. चार बोटांच्या मुळाशी पंजा जितका रुंद, त्याहून अर्धा-पाऊण इंच मूठ लांब. जाडी अशी, की मूठ आवळली तर बोटांची टोकं तळहाताला टेकता टेकता राहावीत. टेकली तर मूठ बारीक, बोटं तळहातात रुततात. फार लांब राहिली तर मूठ जाड, ती धरून ठेवण्यातच निम्मी ताकद जाते.

लाकूड सावलीत वर्षभर तरी वाळलेलं हवं. टोकांना मेण लावून ठेवते, नाहीतर टोकं आधी सुकतात आणि चिरा आत धावतात. पात्याच्या मागच्या भागाला दोन्ही बाजूंनी बसवायच्या लाकडी पट्ट्या कापल्या की सगळ्यांत आधी त्यांची पुढची टोकं पूर्ण घासून, पॉलिश करून घेते. म्हणजे पात्याकडे तोंड करून असणारी दोन टोकं. नवशिके इथे चुकतात. पट्ट्या चिकटवल्यानंतर त्या टोकांना कानस लावायला गेलं तर पात्यावर ओरखडे उठतात, आणि ते ओरखडे कायमचे.

मग पात्याला धारेकडून जाड कापड आणि वरून चिकटपट्टी गुंडाळायची. हे मी २०११ साली एकदा केलं नाही. एकच सुरा राहिला होता, दहा मिनिटांचं काम म्हणून तशीच बसले. कानस घसरली, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधल्या जागेत पातं शिरलं, सात टाके पडले. दोन महिने मला भाकरी थापता आली नाही. अजून थंडीत ती जागा ओढल्यासारखी होते. आता चिकटपट्टी संपली असेल तर त्या दिवशी मूठ घासायचं काम बंद.

पोलाद आणि लाकूड दोन्ही चिकटवायच्या बाजूने खरबरीत करून थिनरने पुसते. शिसमात मुळातच तेल असतं, ते पुसलं नाही तर गोंद धरत नाही. गोंद दोन नळ्यांचा, हळू बसणारा, रात्रभर ठेवायचा. क्लॅम्प फार आवळायचा नाही, सगळा गोंद बाहेर येतो आणि आत काही राहत नाही. नुसत्या गोंदावर मी कधी भरवसा ठेवत नाही. पितळी रिबिटा दोन नाहीतर तीन, आडव्या धक्क्याला त्याच टिकतात. दुसऱ्या दिवशी आकार काढायला लाकडाची कानस, मग बारीक कानस. ग्राइंडरच्या पट्ट्यावर मूठ धरायची तर दर दोन-चार सेकंदांनी रिबिटीवर बोट टेकवते. पितळ लवकर तापतं आणि त्याच्याभोवतीचा गोंद मऊ होऊन सुटतो. मूठ वरून छान दिसते आणि महिन्याभराने खडखडायला लागते. शिसमाचा भुसा नाकातोंडात जाणं चांगलं नाही, अंगालाही खाज सुटते, म्हणून तोंडाला मास्क. आमच्याकडे सुरुवातीला मी एकटीच बांधायची. आता मालकही भट्टीजवळ बांधतात.

मग पॉलिश पेपर. ८० नंबर, १२०, २२०. २२० झाला की ओल्या फडक्याने सबंध मूठ पुसून घेते आणि वाळू देते. वाळल्यावर हात फिरवा, मघाशी गुळगुळीत असलेली मूठ खरखरीत लागते. लाकडाचे दबलेले तंतू पाण्याने उभे राहतात. ते ४०० च्या पेपरने काढायचे, पुन्हा ओलं फडकं, पुन्हा वाळवणं, पुन्हा पेपर. तिसऱ्या खेपेला तंतू उठत नाहीत. हे घरी केलं नाही तर गिऱ्हाइकाच्या ओल्या हातात होतं. पेपर नेहमी लाकडाच्या रेषेबरोबर मारायचा. आडवा मारलेला ओरखडा पेपर चालवताना दिसत नाही, तेल लावलं की चमकून वर येतो, आणि मग पुन्हा २२० पासून.

ही नजर, खरं म्हणजे हे बोट, मला मिरजेत मिळालं. मिरजेची सतार आणि तानपुरा सगळ्यांना माहीत आहेत, २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. पण हे कमी लोकांना माहीत असतं, की ती वाद्यं करणारी घराणी मूळची शिकलगारांची. शिकलगार म्हणजे तलवारी आणि हत्यारं घासून-पुसून धार लावणारे. लढाया सरल्या, हत्यारांचं काम आटलं, आणि एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगार यांनी मिरजेत वाद्यं करायला घेतली. सुरुवातीच्या वर्षांत मामंजींनी मला तिथल्या ओळखीच्या एका कारखान्यात आठ दिवस नुसतं बसायला पाठवलं होतं. तिथे एक म्हातारे कारागीर तानपुऱ्याची दांडी घासत. पेपर मारून झाला की डोळे मिटून दांडीवरून बोटाचं पेर वरपासून खालपर्यंत सावकाश नेत, आणि अडलं तिथे खडूने खूण करत. डोळे उघडे ठेवून मला तिथे काही दिसायचं नाही. आठव्या दिवशी एका जागी माझं बोटही अडलं. ते म्हणाले, ‘आता जा घरी.’

त्यांचं लाखेचं पॉलिश मात्र मी सुऱ्याला लावत नाही. वाद्यावर ते फार सुंदर दिसतं. सुरा गरम पाण्यात धुतला जातो, उन्हात पडतो, त्याला लाख टिकत नाही. चकचकीत वार्निशही नाही. वार्निशचा वर पापुद्रा बसतो, हात ओला झाला की त्यावरून घसरतो, आणि एकदा टवका उडाला की कडेने सुटत जातो. मी जवसाचं तेल लावते, रंगाच्या दुकानात उकळलेलं मिळतं ते. घाण्याचं कच्चं तेल वाळायला दिवसच्या दिवस घेतं. शेंगदाण्याचं किंवा खोबऱ्याचं तेल तर मुठीला कधीच लावू नये, ते वाळत नाही, चिकट राहतं आणि शेंगतेलाला पुढे खवट वास येतो. जवस हवेशी मिळून लाकडाच्या आत घट्ट होतं. पातळ हात द्यायचा, पंधरा मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून टाकायचं, एक दिवस थांबायचं. असे पाच-सहा हात. मूठ चमकत नाही, ओल्या मातीसारखी गडद होते आणि हाताला धरते.

तेलाच्या चिंध्यांबद्दल वाचकांना हात जोडून सांगते. जवस वाळताना उष्णता सोडतं. चिंध्या बोळा करून टोपलीत टाकल्या तर ती उष्णता आत कोंडते आणि चिंधी आपोआप पेटते, काडी लावावी लागत नाही. एका मे महिन्यात आमच्या टोपलीतून धूर निघाला तेव्हा धाकटा तिथेच शेजारी झोपला होता. तेव्हापासून चिंध्या दोरीवर पसरून वाळवते किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवते.

मूठ आतून कशी आहे हे पुराने दाखवलं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. आम्ही भाच्याकडे मिरजेला होतो. परत आलो तेव्हा भट्टीत गुडघाभर गाळ. तयार माल लाकडी पेटीत होता, तो सगळा पाण्याखाली राहिलेला. जुन्या पद्धतीच्या मुठींत पात्याचं शेपूट मुठीच्या आत जातं आणि राळ किंवा लाख आणि विटेची पूड तापवून ती फट भरतात. मामंजींची तीच पद्धत, तलवारींच्या मुठीही पूर्वी लाखेनेच बसवत. त्या ११ सुऱ्यांत पाणी आत शिरलं होतं. लाकूड फुगून उभं चिरलं, आतलं शेपूट गंजून जाड झालं होतं. एक मूठ मी पिळून बघितली, ती कणसाच्या पानासारखी सुटून आली. त्याच पेटीत दोन सुरे रिबिटांचे आणि गोंदाचे होते, पात्यावर गंज धरला होता, पण मुठी हलल्या नव्हत्या. त्या दिवसापासून शेपटाची फट मी तळापासून गोंदाने काठोकाठ भरते, हवेचा बुडबुडा राहू देत नाही. मामंजी तेव्हा नव्हते. असते तर त्यांनीही पद्धत बदलली असती, असं मला मनापासून वाटतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते सांगते. शिकारी सुऱ्याच्या एका मुठीला मी चार-पाच दिवस देते, कारण गिऱ्हाईक त्याचे पैसे देतं. त्यांच्या हाताचं माप कागदावर येतं. आणि आमच्या गावाभोवती हजारो हात ऊस तोडतात, त्यांचं माप कुणी घेत नाही.

काही हंगामांमागे बीडकडची एक बाई भट्टीवर आली. त्यांची टोळी मागच्या फडात उतरली होती. कोयत्याला धार लावायला आली होती. मूठ बघितली तर तिच्यावर सायकलच्या ट्यूबचे वेढे, वर साडीची चिंधी. मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, ‘ताई, मूठ फिरती हातात. पातं आडवं होतं आन् उसावर न बसता सटकतं.’ चिंधी सोडली. आत बाजारची गोल, यंत्रावर कातलेली, पिवळं वार्निश मारलेली मूठ. मुळात तिच्या हाताला जाड, त्यात घसरू नये म्हणून गुंडाळलेल्या रबराने आणखी जाड झालेली. तिचा पंजा माझ्या पंजाला लावून बघितला. माझा हात काही मोठा नाही, तिचा त्याहून एक पेर लहान. अंगठ्याच्या मुळाशी फोड फुटून त्याखाली दुसरा आलेला.

ती मूठ मी काढली. बाभळीची, अंड्यासारखी, जवळजवळ पाव इंच बारीक, शेवटाला टाच ठेवलेली दुसरी बसवली. वार्निश नाही, तेलाचा एक हात. तासाभराचं काम. ती पडवीत बसून होती, तिचं पोर भट्टीच्या उबेला झोपलं. मूठ हातात घेऊन तिने हवेत दोनदा फिरवली आणि काही न बोलता गेली. पुढच्या हंगामात ती जावेला घेऊन आली.

तोडणीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या एका कोयत्यावर मिळते. पण फडात कोयते दोन असतात आणि हात दोन मापांचे. बुडाला वाकून एक घाव, वर वाढं, म्हणजे हिरवा शेंडा, छाटायला एक घाव, पहाटेपासून हेच. असा एक हंगाम पाच-सहा महिने चालतो. मुकादम कोयते एकगठ्ठा घेतात, ते सगळे एकाच मापाचे असतात, आणि ते माप पुरुषाच्या हाताचं. लहान मूठ करायला लाकूड कमी लागतं, खर्च वाढत नाही. फक्त कुणी मागत नाही, म्हणून कुणी करत नाही.

तेव्हा आपल्याला दोन विनंत्या. सांबरशिंगाबद्दलचं वाक्य त्याच पुरवणीत, त्याच जागी, ठळक दुरुस्त करावं. आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी, दसऱ्यापूर्वी, कोयत्याच्या मुठीवर एकदा लिहावं. लेखकांना यायचं असेल तर भट्टी रोज सकाळी सात वाजता पेटते. त्या बाईच्या कोयत्यावरून मी पुठ्ठ्याचा फर्मा कापून ठेवला आहे, मोठ्या हाताचा दुसरा त्याच्याशेजारी खिळ्याला टांगला आहे. सांगली-साताऱ्याच्या कुठल्याही सुताराने, लोहाराने येऊन तो पेन्सिलीने उतरवून न्यावा. त्याचे पैसे मी घेत नाही.

कळावे,
आपली वाचक,
मुठी बसवणारी, सांगलीवाडी